रात्री साडेदहाचा चिवडा आणि सोळा आठवड्यांची आहारसल्ला सेवा

पुण्याच्या एका उपनगरात दोन खोल्यांच्या जागेत चालणाऱ्या एका आहारसल्ला केंद्राची सोळा आठवड्यांची सेवा मी नुकतीच पूर्ण केली. एकदा प्रयत्नाने कमी केलेले वजन ज्यांचे पुन्हा वाढले आहे आणि जे ताणाच्या काळात भूक नसतानाही खातात, अशांसाठी ही सेवा आहे. केंद्रात एक पूर्णवेळ आहारतज्ज्ञ आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एक समुपदेशक आहेत. मला तक्रारीची बाजूही मोकळेपणाने लिहायची असल्यामुळे केंद्राचे नाव येथे देत नाही. अशी सेवा घेऊ पाहणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे हे त्याला कळावे, एवढ्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

मी एकोणपन्नास वर्षांची असून एका सहकारी बँकेच्या शाखेत काम करते. २०२१ साली मी अत्यंत कडक पथ्य पाळून सात महिन्यांत ७८ किलोवरून ६४ किलोवर आले होते. त्या काळात साखर, भात, तळण, सणाचे गोडधोड असे सारेच मी बंद केले होते आणि घरातल्यांनी, नातेवाइकांनी केलेले कौतुक मनापासून आवडलेही होते. पुढच्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला, ती आमच्याकडे राहायला आली, त्यातच शाखेतील दोन जागा रिकाम्या राहिल्या आणि दोन वर्षांत वजनाचा काटा पुन्हा ७५ वर जाऊन थांबला. परत आलेल्या वजनाची लाज पहिल्या वजनापेक्षा किती तरी जास्त असते. ज्या नातेवाइकांनी कौतुक केले होते त्यांच्या घरच्या लग्नाला मी गेले नाही, हे सांगितले म्हणजे ती किती होती याची कल्पना येईल.

पहिल्या भेटीत माझे वजन सर्वांत शेवटी घेतले गेले. त्याआधी सव्वा तास केवळ बोलणे झाले आणि मी काय खाते यापेक्षा कधी, कुठे आणि कशानंतर खाते हेच अधिक विचारले गेले. रात्री कधी कधी चिवडा खाल्ला जातो, असे मी ओझरते सांगितले, तेव्हा आहारतज्ज्ञांनी विचारले, “ताई, तो चिवडा तुम्ही बसून खाता की उभ्याने?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला वेळ लागला. मी तो ओट्यापाशी उभी राहून, दिवा न लावता, डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते हाताने दाबून उघडून खात होते. आधी वरचे पोहे, मग तळाशी उरलेले डाळे आणि खोबऱ्याचे काप. हे मी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. त्यांनी ते ऐकून घेतले, वहीत टिपले आणि त्यावर कोणतीही टिप्पणी केली नाही.

त्यानंतर दोन आठवडे आहारात काहीही बदल न करता फक्त एक नोंदवही ठेवायची होती. वेळ, पदार्थ, त्याआधीच्या तासाभरात काय घडले आणि एक ते दहा या मापात भूक किती होती, असे चार रकाने. कॅलरी मोजायच्या नव्हत्या. दोन आठवड्यांनंतर आम्ही ती वही समोर ठेवून बसलो, तेव्हा जेवणाखेरीज खाण्याच्या एकूण २३ नोंदींपैकी १७ रात्री दहा ते साडेअकरा या वेळातल्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेकींपुढे भुकेचा आकडा दोन किंवा तीन होता. ज्या दिवशी ग्राहकांच्या गर्दीमुळे दुपारचा डबा चार वाजता उघडला गेला, त्या दिवसांच्या रात्री सर्वांत वाईट होत्या. माझ्या मते संपूर्ण सेवेतील सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे ही चार रकान्यांची वही होय, आणि ती कोणालाही घरच्या घरी ठेवता येईल.

परत वाढलेल्या वजनाबद्दल त्यांनी जे समजावून दिले, ते मला चार वर्षांपूर्वीच कोणी सांगायला हवे होते. वजन घटल्यावर शरीर ते नवे वजन लगेच आपले मानत नाही. मेलबर्नमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, आहार कमी करून वजन घटवलेल्या माणसांमध्ये एक वर्ष उलटल्यावरही भूक वाढवणारे घ्रेलिन वाढलेले आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटलेले आढळले होते. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. अशा शरीरावर दीर्घकाळचा ताण आला की कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि गोड, तेलकट पदार्थांची ओढही वाढते. हे सारे ऐकताना मला रडू आले, कारण तोपर्यंत मी या साऱ्याला केवळ माझ्या मनाचा दुबळेपणा समजत होते.

आहारातील बदल मोजके होते. आपल्याकडे स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानली जाते आणि माझा घेर ९६ होता, म्हणून वजनाऐवजी दर पंधरा दिवसांनी घेर मोजायचा असे ठरले. सकाळच्या नुसत्या चहा-बिस्किटांऐवजी मुगाची दोन धिरडी किंवा दोन अंडी, दुपारचा डबा काहीही झाले तरी दीड वाजता, आणि संध्याकाळी साडेपाचला मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा मूठभर फुटाणे आणि ताक. या साडेपाचच्या खाण्याने रात्रीची निम्मी ओढ दुसऱ्याच आठवड्यात ओसरली. चिवडा बंद केला नाही, हे विशेष. तो वाटीत काढायचा, दिवा लावायचा, बसायचे आणि मग खायचा, एवढीच अट होती. १०० ग्रॅम तळलेल्या चिवड्यात ५०० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे मी रोज डब्यातून जे खात होते ते सहज ३०० कॅलरींचे होते आणि एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरल्या तर महिन्याभराच्या आत एक किलोचा हिशेब कागदावर पूर्ण होत होता. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हा हिशेब मला फार लवकर पटला.

तरीही या सेवेचा खरा गाभा समुपदेशकांच्या भेटीत आहे. दुसऱ्या भेटीत त्यांनी माझी संध्याकाळ मिनिटामिनिटाने लिहून काढायला लावली. सातला घरी येणे, स्वयंपाक, आईला भरवणे, तिचे हातपाय चोळणे, दहा वाजताची औषधे, तिला कुशीवर वळवणे, आणि त्यानंतर स्वयंपाकघर आवरायला मी एकटी. त्या कागदाकडे पाहत त्या म्हणाल्या, “दिवसभरात तुमच्या एकटीचा वेळ फक्त हाच दिसतो, आणि त्या वेळात तुमच्यासाठी असलेली वस्तूही एकच दिसते.” मी चिवड्याचा डबा माळ्यावर ठेवणे, विकत न आणणे, घरच्यांना लपवायला सांगणे हे सारे उपाय करून पाहिले होते, वेळ बदलण्याचा विचार मात्र कधी मनात आला नव्हता. त्यांच्या सांगण्यावरून मी घरी बोलले. आठवड्यातले चार दिवस आईची रात्रीची औषधे आणि तिला वळवणे यजमानांनी अंगावर घेतले आणि मी साडेनऊला जेवणानंतर शेजारच्या वहिनींबरोबर पाऊण तास चालायला जाऊ लागले. चालण्याने किती कॅलरी गेल्या हे मी मोजलेले नाही. त्या चार रात्रींत डबा उघडण्याची इच्छा जवळजवळ होत नाही आणि उरलेल्या तीन रात्रींत अजूनही होते, एवढे मला वहीत स्पष्ट दिसते.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार केंद्राने चालवलेल्या व्हॉट्सअॅप गटाबद्दल आहे. दर सोमवारी सकाळी प्रत्येकाने वजनकाट्याचे छायाचित्र गटात टाकायचे आणि ज्याचे वजन सर्वांत अधिक घटले असेल त्याचे सर्वांनी अभिनंदन करायचे, अशी तेथील पद्धत आहे. ज्या केंद्रात पहिल्या भेटीत वजन शेवटी घेण्याइतके तारतम्य आहे, त्याच केंद्राने ही पद्धत ठेवावी याचे मला अतिशय वाईट वाटले. रविवारी रात्री मी जेवत नसे, कारण सोमवारी छायाचित्र टाकायचे असे. आणि सोमवारी रात्री मी त्याची भरपाई करत असे. सहाव्या आठवड्यात मी हे आहारतज्ज्ञांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला छायाचित्र टाकण्यापासून सूट दिली, परंतु पद्धत बदलली नाही. दुसरी तक्रार अशी की, समुपदेशकांच्या फक्त चारच भेटी ठरलेल्या शुल्कात येतात आणि पुढच्या प्रत्येक भेटीचे निराळे पैसे पडतात. हा भाग गाभ्याचा असताना त्यावरच हात आखडता घेणे चुकीचे आहे. तिसरी तक्रार स्वागतकक्षातील प्रथिनांच्या भुकटीच्या डब्यांची. कोणी आग्रह केला नाही हे खरे, पण सल्ला देणाऱ्याच्या दारात विक्रीचा माल असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्च अखेरच्या आठवड्यात सलग पाच रात्री मी पूर्वीसारखीच उभ्याने खाल्ले. ती पाने फाडून टाकण्याचा विचार मनात आला होता, परंतु तशीच वही घेऊन मी गेले. आहारतज्ज्ञांनी त्या पाच रात्री आणि त्याआधीच्या अकरा आठवड्यांतल्या रात्री शेजारी शेजारी मांडल्या, पुढच्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीचा डबा बँकेतच न्यायचा असे माझ्याच हाताने लिहवून घेतले आणि विषय तेथेच संपवला. पूर्वीच्या पथ्यात असा एक आठवडा आला की सारेच सोडून दिले जात असे. या वेळी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी पुन्हा धिरडी केली.

सोळा आठवड्यांत माझे वजन ७५ वरून ७०.५ किलो झाले आणि कमरेचा घेर ९० सेंटिमीटर. पूर्वीच्या वेगाच्या तुलनेत हे कमी वाटेल, पण या वेळी मी वाढदिवसाला श्रीखंड खाल्ले आहे आणि लग्नाला गेले आहे. शुल्क १२,००० रुपये आहे. चार भेटींपलीकडे समुपदेशन लागणार असेल तर एकूण खर्च आधीच विचारून घ्यावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी आहार बदलण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावे. ज्यांचे खाणे एका बैठकीत पूर्णपणे हाताबाहेर जाते, आठवड्यातून एकदा तरी आणि महिनोन्महिने असे घडते, त्यांना अशा केंद्राची नव्हे तर मनोविकारतज्ज्ञाची गरज असते. २०१३ पासून त्या त्रासाची स्वतंत्र आजार म्हणून नोंद होते आणि त्यावर उपचार आहेत. कुठे जावे हे सुचत नसेल तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पुढच्या सहा महिन्यांसाठी, महिन्यातून एका भेटीच्या टप्प्याकरिता मी नाव नोंदवले आहे. मला गटात समाविष्ट करू नये आणि सहापैकी तीन भेटी समुपदेशकांबरोबर असाव्यात, असे अर्जावर लिहून दिले असून केंद्राने ते मान्य केले आहे.