यादी आधी, की समितीची मंजुरी?

इंदूरच्या एखाद्या अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे आणि पायरी चुकल्यास सिस्टरने डॉक्टरांना थांबवणे (हेच खरे अवघड) अशी यादी लागू करायची, तर तिला संशोधन मानून नैतिकता समितीकडे पाठवावे की रोजचे काम समजून थेट सुरू करावे? पहिल्या मार्गात रुग्णाच्या संमतीचा मान राहतो; पण मिशिगनमध्ये अशाच यादीने जंतुसंसर्ग घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावरही अमेरिकी सरकारी कार्यालयाने २००७ मध्ये हे संमतीविना केलेले संशोधन असल्याचा आक्षेप घेतल्याने माहितीसंकलन थांबले; २००८ मध्ये भूमिका मवाळ झाली. मला दुसरा मार्ग पटतो, मात्र उपाय आधीच सिद्ध असेल तरच. नवे औषध अजमावायचे असल्यास समितीला बगल देता येणार नाही.