अर्जुनसाल: अख्खी घ्यावी की डबाबंद चूर्ण?

हृदयासाठी म्हणून घेतात त्या अर्जुनाच्या सालीच्या चूर्णाचा डबा सोयीचा असतो, पण पैसे घालायचे तर काष्ठौषधींच्या दुकानातल्या अख्ख्या सालीवर घाला. कारण ऐन नावाचे झाड. ऐन आणि अर्जुन एकाच कुळातले, आणि दळल्यावर कोणती भुकटी कुणाची हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. अख्ख्या तुकड्यात फसवणूक अवघड. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, फिकट राखाडी आणि आतून गुलाबीसर. ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. चवीवर जाऊ नका, तुरट दोन्ही लागतात. तुकडा कटकन मोडला पाहिजे. वाकला तर ओल आहे, बुरशी धरणार.

ही साल घेतात ती क्षीरपाक करून, म्हणजे दूध-पाण्यात आटवून. त्याचे शास्त्रोक्त प्रमाण १:८:३२. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. लहान स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत आटवून फडक्यातून गाळायचे. आच मोठी केली की पाणी भराभर आटते, टॅनिन, म्हणजे सालीतला तुरट घटक, दुधातल्या केसिन या प्रथिनाला धरते आणि दूध फाटते. वस्त्रगाळ चूर्ण वापरले तर तळाला लागते आणि गाळ पोटात जातो. लोखंडी कढई नकोच; टॅनिन आणि लोह मिळून सगळे काळे पडते. याच कारणाने लोहाच्या गोळीत आणि यात दोन तासांचे अंतर ठेवावे. बद्धकोष्ठ असणाऱ्यांना हा तुरटपणा मानवत नाही.

सालीतली अर्जुनोलिक आणि अर्जुनिक आम्ले ट्रायटर्पेनॉइड या वनस्पतिजन्य रसायनांच्या गटातली, पाण्यात फारशी न विरघळणारी. त्यामुळे नुसत्या पाण्याच्या काढ्यात उतरते ते मुख्यतः टॅनिन.

हृदयासाठी म्हणाल तर १९९५ साली हृदय निकामी होत चाललेल्या १२ रुग्णांवरच्या अभ्यासात अर्काने फायदा दिसला होता. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये १०० रुग्णांना १२ आठवडे पाण्यातला अर्क दिला, तेव्हा हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता काही वाढली नाही. म्हणून चालू गोळ्या बंद करून साल घेणे हा शुद्ध वेडेपणा. रक्तदाबाचे औषध सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोळ्या घ्यायच्याच असतील तर लेबलवर 'घनसत्त्व' (आटवून घट्ट केलेला अर्क) आहे की नुसते चूर्ण, ते वाचा. क्षीरपाकासाठी सालीची मात्रा ३ ते ६ ग्रॅम असते. ५०० मिलिग्रॅम चूर्णाची गोळी असेल तर किमान सहा गोळ्या झाल्या.