मेलाटोनिन रिसेप्टर एमटी१: कुपीतलं प्रथिन कशाला चालतं, कशाला नाही

पुण्यात पाषाण आणि गणेशखिंडीकडच्या प्रयोगशाळांत झोप, जैविक घड्याळ किंवा मधुमेहावर काम करणाऱ्या गटांना एमटी१ हे प्रथिन, म्हणजे झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाचा संदेश पेशीत पोचवणारा रिसेप्टर, कधी ना कधी मागवावंसं वाटतं. इथे परीक्षण आहे ते सर्वांत सहज मिळणाऱ्या प्रकाराचं: गव्हाच्या अंकुराच्या अर्कात, जिवंत पेशी न वापरता बनवलेलं पूर्ण लांबीचं मानवी एमटी१, पुढच्या टोकाला जीएसटी टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेलं, ग्लुटाथायोनला चिकटणारं दुसरं प्रथिन), ५० मिलिमोलर ट्रिस आणि १० मिलिमोलर ग्लुटाथायोनच्या बफरमध्ये (पीएच ८). कुपी १० मायक्रोग्रॅमची.

अँटिबॉडी तपासायला, म्हणजे वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) आणि एलायझासाठी (प्लेटवर अँटिबॉडीने प्रथिन ओळखणं), माल उत्तम. मेलाटोनिन किंवा रामेल्टिऑन हे झोपेचं औषध रिसेप्टरला किती घट्ट बसतं हे मोजायचं असेल, तर अजिबात घेऊ नका.

कारण रिसेप्टरच्या घडणीतच आहे. एमटी१ची साखळी ३५० अमिनो आम्लांची, आणि ती पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाते. २०१९ मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. मेलाटोनिन बसतं तो खळगा आतमध्ये आहे आणि त्याची वाट पडद्याच्या बाजूने, दोन सर्पिलांमधून जाते, हे तेव्हा दिसलं. रिसेप्टर स्थिर राहावा म्हणून संशोधकांना त्यात बरेच बदलही करावे लागले होते. मग नुसत्या ट्रिस बफरमधलं, मेदाचा आधार नसलेलं प्रथिन मूळ आकार धरून राहील ही अपेक्षाच चुकीची. बंधन मोजायचं तर एमटी१ व्यक्त करणाऱ्या एचईके किंवा सीएचओ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींचे पडदे घ्या. बंधन मोजायला वापरतात त्या किरणोत्सारी २-आयोडोमेलाटोनिनमधलं आयोडीन-१२५ सुमारे ६० दिवसांत निम्मं होतं, म्हणून पडदे हातात आल्यावरच ते मागवा. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, ती आधीच काढून ठेवा.

आता वेस्टर्न. इथे बहुतेक जण एकाच जागी फसतात: सवयीने नमुना ९५ अंशांना पाच मिनिटं उकळतात. पडद्यातली प्रथिनं उकळली की एकमेकांना चिकटून गोळा होतात, जेलमध्ये उतरत नाहीत आणि वेलच्या तळाशी काळा पट्टा उमटतो. मग दोष अँटिबॉडीला दिला जातो. नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, डीटीटी (सल्फरचे बंध तोडणारं रसायन) घाला, १० टक्क्यांच्या जेलवर लेनला १०० नॅनोग्रॅम पुरे. बँड ६५ किलोडाल्टनच्या आसपास शोधा: रिसेप्टर सुमारे ३९, जीएसटी २६. दुपटीच्या जागी फिकट बँड दिसला तर घाबरू नका, दोन रेणू जोडीने राहण्याची सात वेळा पडदा ओलांडणाऱ्या रिसेप्टरांच्या या कुळाला सवयच आहे. ऊतीतल्या रिसेप्टरवर साखरेच्या साखळ्या असतात, या प्रथिनावर नसतात. शिवाय टॅगचं वजन आहेच. म्हणून ऊतीतला आणि कुपीतला असे दोन्ही बँड एका रेषेत येतील असं धरून चालू नका.

शेजारच्या लेनमध्ये नुसतं जीएसटी चालवायलाच हवं. तुमची अँटिबॉडी जीएसटी-जोडलेल्या प्रथिनावरच तयार केलेली असेल, तर ती टॅगलाच ओळखत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि हे या एका लेनशिवाय कळत नाही.

बफरमधलं ग्लुटाथायोन दोन ठिकाणी आडवं येतं. प्रथिनाची तीव्रता बीसीए या रंगचाचणीने मोजली तर आकडा फुगतो, ब्रॅडफर्ड ही दुसरी रंगचाचणी वापरा. दुसरं, टॅग ग्लुटाथायोनच्या मण्यांवर परत बसत नाही, कारण त्याची जागा आधीच भरलेली असते. डायलिसिस करून ग्लुटाथायोन काढता येतं, पण १० मायक्रोग्रॅममधलं किती हाती उरेल हा प्रश्नच आहे. पुलडाउनसाठी (मण्यांवर प्रथिन बसवून त्याला चिकटणारी इतर प्रथिनं ओढून काढायला) ही कुपी घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

तीव्रता दर लॉटला वेगळी असते. समजा ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर असेल, तर एकूण १०० मायक्रोलिटर. बर्फावर वितळवा, सेंट्रिफ्यूजमध्ये अलगद फिरवून थेंब तळाशी आणा, व्हॉर्टेक्स करू नका. कमी चिकटणाऱ्या ट्यूबांमध्ये १०-१० मायक्रोलिटरचे दहा भाग करून उणे ८० ला ठेवा. एका ट्यूबमध्ये १०० नॅनोग्रॅमच्या दहा लेन होतात. वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

मधुमेहवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. रक्तातल्या साखरेशी जोडला गेलेला आरएस१०८३०९६३ हा डीएनएतला बदल एमटी२ या दुसऱ्या मेलाटोनिन रिसेप्टरच्या जनुकात आहे, तोही इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनताना वगळल्या जाणाऱ्या भागात. प्रथिनाची साखळी त्याने बदलत नाही. त्या बदलाचा परिणाम पाहायला एमटी२ची कुपी मागवलीत तर हाती काही लागणार नाही.

पार्सल कोरड्या बर्फातच हवं, आणि ते सोमवार-मंगळवारी पोचेल असं सांगा. शुक्रवारी संध्याकाळी आलेलं खोकं एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सोमवारपर्यंत गेटवरच राहिलं तर बर्फ उरत नाही. अनंत चतुर्दशीच्या आगेमागे तर मागवूच नका, मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात. खोकं उघडताच बर्फ शिल्लक आहे का ते पाहा, फोटो काढा, आणि नसेल तर त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा.