एकच खून, तीन चित्रपट: पहिला कुठला लावायचा?

अगाथा ख्रिस्तीच्या एका कादंबरीवरचे तीन बघण्यासारखे चित्रपट आहेत, पण त्यांतला एकच तुम्हाला कोरा पाहता येईल. खुनी कोण हे एकदा कळलं की उरलेल्या दोघांतलं कोडं संपतं, मग अभिनय आणि पोशाख बघत बसायचं. म्हणून कुठला चांगला यापेक्षा कुठला आधी, हे ठरवणं महत्त्वाचं. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत क्लबहाऊसमध्ये अधूनमधून सिनेमा लावतात. यंदा महिला मंडळाचं म्हणणं पडलं की हेरकथा हवी आणि हेर बाई हवी. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले धनंजय, झुंजार वाचून मोठी झालेली आमची पिढी. दूरदर्शनवरच्या ‘करमचंद’ या हेरमालिकेतली किटीसुद्धा शेवटी मदतनीसच. तेव्हा मागणी रास्त होती. मी तिन्ही पाहिलेले असल्यामुळे निवड माझ्याकडे आली. तुमच्या भिशीत किंवा वाचनकट्ट्यात असाच प्रश्न असेल, तर हे वाचा. खुनी कोण ते सांगणार नाही.

मूळ कादंबरी ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’, १९६२ सालची. सेंट मेरी मीड या गावातल्या जुन्या वाड्यात मरीना ग्रेग ही सिनेनटी राहायला येते. स्वागत समारंभात हेदर बॅडकॉक नावाची एक उत्साही बाई तिला गाठते, आपण बऱ्याच वर्षांपूर्वी कसे भेटलो होतो ते रंगवून सांगते आणि थोड्याच वेळात पेयातल्या विषानं मरते. पण हेदरचा स्वतःचा ग्लास सांडलेला असतो, तिनं प्यायलेला ग्लास मरीनाचा. मग मारायचं कुणाला होतं? गावातली म्हातारी, अविवाहित मिस मार्पल हे कोडं उलगडते.

कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ठाणेकराला ती चांगलीच भिडेल. गावाबाहेर नवी वसाहत उभी राहिलीय. एकसारखी घरं, अनोळखी माणसं, सुपरमार्केट. सांभाळायला ठेवलेल्या बाईला काहीतरी कामाला पिटाळून मिस मार्पल चोरून ती वसाहत बघायला जाते. तिथं पडते आणि तिला उठवून घरात नेणारी बाई म्हणजे हीच हेदर. घरं नवी असली तरी माणसं ओळखीच्याच नमुन्यांची, हे म्हातारीला तिथं कळतं आणि पुढचा सगळा तपास त्याच जोरावर चालतो. मानपाड्याच्या पुढं झाडीच होती असं सांगणारी आणि आज पंधराव्या मजल्यावर राहणारी आजी तुमच्या सोसायटीतही असेल. तिला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आता १९८०चा इंग्रजी चित्रपट, ‘द मिरर क्रॅक्ड’. दिग्दर्शक गाय हॅमिल्टन, बाँडपटांपैकी ‘गोल्डफिंगर’ केलेले. नटमंडळी ऐकूनच जुन्या पिढीचे डोळे चमकतील: एलिझाबेथ टेलर, रॉक हडसन, किम नोव्हाक, टोनी कर्टिस. मिस मार्पल झालीय अँजेला लॅन्सबरी. सुरुवात झकास आहे. गावच्या सभागृहात कृष्णधवल रहस्यपट चालू असतो, ऐन उलगड्याच्या वेळी यंत्र बंद पडतं, आणि घरी जाता जाता मिस मार्पल खुनी कोण ते सांगून मोकळी होते. क्लबहाऊसमध्ये या प्रसंगाला टाळ्या हमखास. टेलर आणि नोव्हाक या दोन नट्या एकमेकींना गोड हसून जे टोमणे मारतात, त्यालाही हशा मिळेल.

अडचण पुढे आहे. लॅन्सबरीबाई तेव्हा पंचावन्नच्या आसपासच्या, रंगवून म्हाताऱ्या केलेल्या. वर कथेत पाय मुरगळलेला. त्यामुळे हेरीण बराच वेळ घरात, आणि धावपळ तिचा इन्स्पेक्टर भाचा करतो. कॅमेऱ्याचा जीव टेलरवर. काळ १९५३चा घेतलाय, म्हणून ती नवी वसाहतही कथेच्या कडेला सरकली. हा टेलरचा सिनेमा आहे, आणि टेलर त्यात उत्तम आहे, हेही सांगायला हवं. पण बाई हेर बघायला जमलेल्यांना अर्ध्या सिनेमानंतर वाटेल, आपली बाई कुठं गेली?

बीबीसीचा चित्रपट १९९२चा, मिस मार्पल झालेल्या जोन हिक्सनचा. मार्पलच्या बारा कादंबऱ्या त्यांनी १९८४पासून केल्या, त्यांतली ही शेवटची, तेव्हा हिक्सन ८६ वर्षांच्या होत्या. त्यांना रंगवावं लागलं नाही. १९४६मध्ये एका नाटकात त्यांना पाहून खुद्द ख्रिस्तीनं चिठ्ठी लिहिली होती, की कधीतरी माझी मिस मार्पल तुम्ही करावी. कादंबरीच्या सर्वांत जवळचा हाच. पुस्तक वाचून बसणाऱ्या कट्ट्यासाठी दुसरा विचार करू नका. न वाचलेल्यांना मात्र पहिला अर्धा तास जड जातो, पात्रं भराभर येतात आणि इंग्रजी उच्चार कानाला सवयीचे नाहीत. (जाता जाता: ही कादंबरी ख्रिस्तीनं अर्पण केली ती मार्गारेट रदरफर्डला, साठच्या दशकात मार्पल विनोदी ढंगात करणाऱ्या नटीला. ते चित्रपट ख्रिस्तीला फारसे रुचले नव्हते, नटी मात्र आवडायची.)

तिसरा आपल्या देशातला. ऋतुपर्ण घोष यांचा बंगाली ‘शुभ महरत’, २००३चा. ‘रेनकोट’ पाहिलेल्यांना घोष माहीत असतील. वाड्याऐवजी इथं कोलकात्याचं सिनेजग आहे. एके काळची गाजलेली नायिका पद्मिनी चौधरी, म्हणजे शर्मिला टागोर, चित्रपटाची निर्माती म्हणून परत येते. मुहूर्त होतो आणि पाठोपाठ एक मृत्यू. तिथं हजर असलेली तरुण पत्रकार मल्लिका (नंदिता दास) घरी येऊन सगळं आत्याला सांगते. ही आत्या, रांगा पिशीमा, म्हणजे राखी.

इथंही हेर घरातच आहे. मग १९८०च्या चित्रपटाला लावलेला दोष याला का नाही? कारण घोष यांनी घरालाच तपासाची जागा केलंय. बाहेरची बातमी आत येते, आत्या ऐकते, मध्येच एक साधा, बायकी वाटणारा प्रश्न विचारते, आणि पोलिसांनी दुर्लक्ष केलेली गोष्ट समोर येते. कोण कुणाच्या घरी काय घेऊन गेलं, कुणाची तब्येत कधी बिघडली, कोण कुणाशी बोलत नाही, असलं सगळं तिच्या डोक्यात पक्कं. गावातल्या माणसांवरून जगातली माणसं ओळखायची ही मार्पलचीच रीत. फक्त ती घरातल्या विधवा आत्याकडे आल्यावर जास्त खरी वाटते, कारण अशी आत्या आपण पाहिलेली असते. लॅन्सबरीची मार्पल हुशार आहे हे इतर पात्रं आपल्याला सांगतात. राखीची हुशारी आपण समोर घडताना बघतो. यशराजच्या ‘दाग’मध्ये राजेश खन्नासाठी समोरासमोर आलेल्या राखी आणि शर्मिला तीस वर्षांनी इथं भेटतात, तोही आनंद.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि राखीलाही मिळाला, पण सहायक अभिनेत्रीचा. खून उकलणारी बाई सहायक कशी, हे परीक्षकांनाच ठाऊक.

उणंही सांगते. गती निवांत आहे. मल्लिकेभोवती घुटमळणाऱ्या दोन पुरुषांचं उपकथानक मला लांबलेलं वाटलं. ‘पुढे चला’ म्हणणारा एखादा काका तुमच्याकडे असेल, तर तो मध्येच चहाला उठेल. शिवाय बंगाली संवाद आणि इंग्रजी उपशीर्षकं. आमच्याकडे सत्तरीपुढच्या तीन-चार काकू आहेत, त्यांना टीव्हीवरची बारीक अक्षरं वाचणं कठीण. प्रोजेक्टर असेल तर अक्षरं मोठी होतात. नसेल तर शेजारी बसून हळू आवाजात सांगणारं कुणी नेमा. बंगाली बरंचसं कानाला कळतं, हा माझा अनुभव.

माझं मत ‘शुभ महरत’ला. तो कोऱ्या मनानं बघावा, बाकीचे दोन नंतर बिनधास्त. हिक्सनचा त्यानंतर दोनेक महिन्यांनी, मध्ये कादंबरी वाचून घेतलीत तर आणखी उत्तम. टेलरचा दिवाळीच्या सुट्टीत, फराळाची ताटं मांडीवर घेऊन, खुनी माहीत असताना. तेव्हा तिचा चेहरा नीट वाचता येतो आणि तो चित्रपट उलट वाढतो. फक्त इंग्रजीच चालेल, उपशीर्षकं नकोतच, असा गट असेल तर क्रम बदला, हिक्सन आधी. टेलर कुठल्याही परिस्थितीत पहिला नको.

आणि एक. या कथेचं मूळ एका खऱ्या हॉलीवूड नटीच्या आयुष्यातल्या दुःखात आहे असं मानतात. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती हकिगत कळली की खुनाचं कारणही कळतं. सिनेमा संपेपर्यंत कुणालाही मोबाइलवर काही शोधू देऊ नका. आमच्याकडे मध्यंतरात एका उत्साही सुनेनं शोधलं आणि परत आल्यावर तिच्या चेहऱ्यावरूनच सासूनं अर्धं ओळखलं.