फ्लोमीटरचा ‘नवा’ सेन्सर: जुन्यालाच रंग मारलेला

भोसरी, चाकण भागात ज्यांच्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावर) इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर (पाइपमधल्या पाण्याचा प्रवाह मोजणारा मीटर) आहे, त्यांनी वाचून ठेवा.

ऐन पावसाळ्यात आमच्या आउटलेटचा मीटर पंप बंद असतानाही आकडे दाखवायला लागला. प्रदूषण मंडळाच्या नोंदींचा प्रश्न, म्हणून लगेच सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने जंक्शन बॉक्स उघडला, मल्टिमीटर लावला आणि ‘ओएल’ (रेझिस्टन्स रेंजबाहेर, म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवलं. “कॉइल ओपन आहे सर, सेन्सर गेला.” म्हणजे सेन्सरमधली चुंबकीय क्षेत्र तयार करणारी कॉइल तुटली. जुना सेन्सर बायबॅकमध्ये नेला, पुढच्या आठवड्यात निळाशार ‘नवा’ बसवला. सांगितले 80 हजार, निम्मे आगाऊ. रीडिंग एकदम सुतासारखं सरळ!

पितळ उघडं पाडलं कॅलिब्रेशन फॅक्टरने. हा आकडा प्रत्येक सेन्सरचा वेगळा असतो. कारखान्यात प्रत्यक्ष पाणी सोडून काढतात, प्लेटवर छापतात आणि तोच कन्व्हर्टरमध्ये (सेन्सरच्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या युनिटमध्ये) भरतात. ‘नव्या’ प्लेटवर सिरीयल नंबर वेगळा, फॅक्टर मात्र आमच्या जुन्या कमिशनिंग रिपोर्टमधलाच (मीटर पहिल्यांदा बसवतानाच्या), शेवटच्या दशांशापर्यंत. फ्लँजच्या कडेचा रंग ब्लेडने खरवडला, तर खाली आमच्याच स्टोअरने पंच केलेला टॅग नंबर.

मग ऑपरेटरने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ नीट पाहिला. एक प्रोब कॉइलच्या स्क्रूवर, दुसरा शेजारच्या रिकाम्या स्क्रूवर. ‘ओएल’ येणार नाही तर काय! आणि कॉइल खरंच तुटली असती, तर बहुतेक कन्व्हर्टर सरळ कॉइलचा एरर देतात, आकडे नाचवत बसत नाहीत.

खरा दोष होता केबल ग्लँडचा, म्हणजे बॉक्समध्ये केबल शिरते तिथल्या पाणीबंद फिटिंगचा. ग्लँड ढिला, बॉक्समध्ये पाणी. सेन्सरमधल्या, पाण्याला टेकणाऱ्या दोन इलेक्ट्रोडचा सिग्नल जेमतेम मिलिव्होल्टचा. टर्मिनलवर ओल आली की शून्य भरकटतं. पठ्ठ्याने गुपचूप बॉक्स सुकवला आणि ग्लँड बदलला, एवढंच.

सेन्सर गेला असं कोणी म्हटलं, तर आधी सप्लाय बंद करून कॉइलच्या दोन्ही वायरी कन्व्हर्टरपासून सोडवा आणि रेझिस्टन्स स्वतः मोजा. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या आसपास आला तर कॉइल शाबूत आहे. मेगरने (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) कॉइल ते अर्थ बघा, पण कन्व्हर्टर जोडलेला असताना मेगर अजिबात लावू नका, कार्ड उडेल. पाइप भरलेला ठेवून दोन्ही इलेक्ट्रोडचा अर्थशी रेझिस्टन्स मोजा. दोघांत फार तफावत नको. कन्व्हर्टरच्या मेनूतून 12 मिलिअँपिअर (4 ते 20 च्या आउटपुटचा मध्य) सिम्युलेट करा. पीएलसीवर (आकडे घेणाऱ्या कंट्रोलरवर) बरोबर निम्मी रेंज दिसली तर पुढची लूप ठीक, दोष अलीकडे शोधायचा. पाइप पीव्हीसीचा असेल तर अर्थिंग रिंगही तपासा. शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर अर्थिंगवर जास्तच लक्ष द्या.

जुना सेन्सर गेटपासवर सिरीयल नंबर लिहूनच बाहेर सोडा, प्लेटचा फोटो काढून.

उरलेले पैसे आम्ही रोखलेत आणि वकिलामार्फत नोटीस गेली आहे. त्याचं उत्तर आलं: “सेन्सर रिपेअर करून दिला होता.” बिलावर मात्र स्वच्छ ‘नवीन’ लिहिलंय.