जमीन जळत नाही, तरी तिचा विमा मी भरत होते

कर्जाच्या कागदांवर सह्या करायला बसलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि नवऱ्याला दोनला कामावर परतायचं होतं. समोरचा माणूस पानं उलटत होता, पिवळी चिठ्ठी चिकटवलेल्या जागेवर बोट ठेवत होता आणि आम्ही सह्या ठोकत होतो. चाळीसेक सह्या झाल्यावर त्याच गठ्ठ्यात एक निराळा फॉर्म आला. "हा घराच्या विम्याचा, मॅडम. याच्याशिवाय कर्ज सुटत नाही. पैसे आत्ता द्यायचे नाहीत, कर्जातच धरलेत." पैसे आत्ता द्यायचे नाहीत हे ऐकून मला बरं वाटलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

फॉर्म अर्धा कोरा होता. "बाकीचं आम्ही भरून घेतो," म्हणाला. भरू दिलं.

पॉलिसी आली, ती फाइलमध्ये गेली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी उघडली नाही. मग एका रात्री न्हाणीघराच्या भिंतीतला पाइपचा सांधा सुटला. सकाळपर्यंत खालच्या खोलीचं छत फुगलं होतं आणि लाकडी कपाटांचे तळ वहीच्या पानांसारखे सुटून आले होते. क्लेम केला. नुकसान किती झालं ते तपासायला विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर आले, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी फोटो काढले, मोजमापं घेतली आणि पॉलिसी चाळता चाळता थांबले. "ताई, ही विमा रक्कम, म्हणजे घर किती रुपयांचं धरून विमा उतरवायचा तो आकडा, कोणी काढली? एवढ्यात अशी दोन घरं उभी राहतील."

मी म्हटलं, घराला तेवढाच खर्च आला आहे. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्याच वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले आज तेवढं बांधायला लागणारा दर. त्यात पडझडीचा राडारोडा उचलण्याचा खर्च आणि आर्किटेक्टची फी. घर पुन्हा उभं करायला लागतात ते एवढेच पैसे. आम्हाला आलेला एकूण खर्च १०० धरला, तर त्यातले ५५ जमिनीचे होते, ७ नोंदणी आणि कागदपत्रांचे आणि बांधकामाचे जेमतेम ३८. राडारोडा, फी वगैरे धरून फार तर ४२. विमा मात्र पूर्ण १०० वर काढलेला. म्हणजे घर कितीही जळलं तरी जी जागच्या जागी राहणार, त्या जमिनीचं प्रीमियम मी तीन वर्षं भरत होते.

मला वाटलं, जास्त रकमेचा विमा आहे तर उद्या काही झालं तर जास्त मिळतील. तसं होत नाही. घराचा विमा झालेलं नुकसान भरून देतो, नफा देत नाही. घर ४२ मध्ये पुन्हा बांधून होत असेल तर ४२ च मिळणार. वरच्या ५८ वर भरलेलं प्रीमियम म्हणजे निव्वळ पाण्यात.

ते गेल्यावर मी पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. "बांधकामाचं वर्ष" या रकान्यात आडवी रेघ. "बांधकामाचा प्रकार" पुढे "इतर". आमचं घर काँक्रीटचं, नवं कोरं, वायरिंग नवं, नळ नवे. अशा घरावर धोका कमी, म्हणून बहुतेक कंपन्या दरही कमी लावतात. ही काही आजची अक्कल नाही. १६६६ च्या आगीत लंडन जळाल्यावर निकोलस बार्बनने तिथे घरांचा आगविमा सुरू केला, तेव्हाही विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के दर होता आणि लाकडी घराला पाच. साडेतीनशे वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारला जात होता, त्याच्यापुढे माझ्या फॉर्मवर "इतर" लिहून तो माणूस मोकळा झाला.

आणखी एक गंमत. घरातल्या वस्तूंचा विमा पहिल्या दिवसापासून चालू. आम्ही राहायला गेलो चार महिन्यांनी. तोवर आत होतं काय, तर रंगाचे डबे आणि सुताराची शिडी. शिवाय घर सलग ३० दिवस रिकामं राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबेल, हे कलम त्याच पॉलिसीत छापलेलं. म्हणजे त्या काळात समजा शिडी चोरीला गेली असती, तर तिचेही मिळाले नसते. काही पॉलिसींत ही मुदत ६० दिवसांची असते. राहायला जायला वेळ असेल तर हे कलम आधी शोधा आणि कंपनीला तसं लेखी कळवा.

आता "कर्जातच धरलेत" याचा अर्थ. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जात टाकलेले १०० फिटेपर्यंत साधारण २१६ होतात. पॉलिसी होती पाच वर्षांची. ती संपल्यावरही पंधरा वर्षं तिचे हप्ते चालूच राहणार होते, आणि सहाव्या वर्षी नवी पॉलिसी वेगळी. प्रीमियम रोख भरलं असतं तर जड गेलं नसतं. कोणी विचारलंच नाही, आणि मीही विचारलं नाही. कर्ज देणारे विमा हवाच म्हणतात, त्यात चूक नाही. त्यांचे पैसे त्या भिंतींत अडकलेले असतात. पण विमा असणं आणि त्यांच्याच टेबलावरचा विमा असणं या दोन गोष्टी त्या माणसाने एका वाक्यात गुंडाळल्या. "ही अट करारात कुठे आहे, दाखवा," एवढं म्हटलं असतं तर तो पान शोधत बसला असता.

माझी गोष्ट ऐकून मामाने भलतंच केलं. त्याने स्वतःच्या घराची विमा रक्कम उतरवून उरलेल्या कर्जाएवढी केली. मी त्याला तातडीने फोन केला. कर्ज किती उरलं याचा घर बांधण्याच्या खर्चाशी काही संबंध नसतो. १०० लागणार असताना ६० चाच विमा असेल, आणि पॉलिसीत कमी विम्याची अट (विमा जितका कमी, भरपाईही त्याच प्रमाणात कमी) असेल, तर २० च्या नुकसानीवर १२ च हातात येतात. "अगं पण तूच तर म्हणालीस कमी कर!" मी म्हटलं होतं, जमीन वजा कर. भिंती नव्हे. बांधकामाचं बिल आणि आर्किटेक्टचं अंदाजपत्रक घर नवं असताना हाताशी असतं, आकडा तिथूनच घ्यावा.

क्लेमचं सांगायचं तर छत आणि कपाटं यांचे पैसे वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायचा ठरलेला भाग, वगळून मिळाले. सांधा बदलण्याचे मिळाले नाहीत. सदोष काम विम्यात बसत नाही, ते बांधणाऱ्याकडून वसूल करायचं. त्याला मी अजून फोन लावतेय.

सह्या घेणाऱ्या माणसाला जाऊन भेटले. त्याने शांतपणे फॉर्म काढला, तळाशी बोट ठेवलं. "सही तुमचीच आहे ना, मॅडम?" होती. मग विमा कंपनीला लेखी अर्ज दिला, सोबत क्षेत्रफळाचा नकाशा, बांधकामाचं बिल आणि घर पूर्ण झाल्याचा दाखला. दोन स्मरणपत्रांनंतर विमा रक्कम कमी झाली, बांधकामाचं वर्ष आणि प्रकार दुरुस्त झाले आणि उरलेल्या मुदतीपुरता फरक परत आला. गेलेल्या तीन वर्षांचं काही नाही, व्याजाचंही नाही. परतावा आला तो थेट कर्जखात्यात. हप्ता होता तेवढाच राहिला. वीस वर्षांतला एक महिना कमी झाला.