पार्टटाइम अकाउंटंट: हिशेब द्या, ओटीपी देऊ नका

आठवड्यातून दोन दिवस येऊन टॅलीत एंट्री करणारा, बँक जुळवणारा आणि जीएसटीचे रिटर्न तयार करून देणारा पार्टटाइम अकाउंटंट पुण्यात सहज मिळतो. भोसरीत दोन-तीन लेथ चालवणारं वर्कशॉप असो, नारायण पेठेतलं छपाईचं दुकान असो की रविवार पेठेतला ठोक व्यापारी, पूर्णवेळ माणूस ठेवण्याइतकं काम नाही पण एकट्या मालकाला झेपतही नाही अशा धंद्यांसाठी ही सेवा आम्ही पाचपैकी चार गुणांची मानतो. पाचवा गुण अकाउंटंटच्या चुकीमुळे क्वचितच जातो. मालक नको ती कामं त्याच्याकडे देतो आणि द्यायची ती स्वतःकडे ठेवतो, तिथे तो जातो.

काम वाटून देताना बहुतेक जण ‘हे मला जमतं का?’ एवढंच बघतात. एंट्री सगळ्यांनाच जमते, म्हणून मालक रविवारी सकाळी बिलांचा गठ्ठा घेऊन बसतो. त्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात. दुसऱ्यानं केलेलं हे काम तपासायला मला किती वेळ लागेल? आणि चुकलं, तर किती दिवसांत कळेल? समजा, महिन्याला दोनशे व्हाउचर, म्हणजे हिशेबाच्या नोंदी, आहेत. ती चढवायला दहा-बारा तास सहज जातात, पण महिनाअखेरची शिल्लक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळते की नाही हे पाहायला दहा मिनिटं पुरतात, आणि चूक महिन्याच्या आत सापडते. हे काम डोळे मिटून द्यावं. नव्या पार्टीला किती उधारी द्यायची यातली चूक मात्र सहा महिन्यांनी कळते, तोवर माल गेलेला असतो. ते देऊ नये.

पैशाचा हिशेबही करून बघा. महिन्याला हातात ९०,००० राहतात आणि तुम्ही २२५ तास राबता असं धरलं, तर तुमचा तास ४०० रुपयांचा झाला. हिशेबाच्या कागदांत महिन्याचे २४ तास जात असतील, तर ते ९,६०० रुपये. अकाउंटंट त्याहून कमी घेत असेल तर सौदा फायद्याचा दिसतो, पण हे गणित अर्धंच आहे. सुटलेले २४ तास कोटेशन वेळेत पाठवण्यात, रिजेक्शन का वाढलं ते शोधण्यात, जुन्या गिऱ्हाइकाकडे चक्कर मारण्यात गेले तरच ते पैसे परत येतात. तास कुठे घालायचे हे आधी कागदावर लिहा, मग माणूस शोधा. दोन आठवडे एका वहीत पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद ठेवली की वेळ नेमका कुठे गळतो ते दिसतं, आणि तो बहुतेकदा हिशेबाइतकाच कागद शोधण्यात गळत असतो.

आता तारखा. दर महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांची यादी) साठी ११ आणि ३बी (कराचा गोषवारा, ज्यावर कर भरला जातो) साठी २० तारीख असते. टीडीएस लागू असेल तर तो ७ ला, पीएफ आणि ईएसआयसी १५ ला. मधली १४ तारीख मालकांना माहीत नसते, आणि तीच महत्त्वाची. त्या दिवशी २बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेली तुमच्या खरेदीची यादी. तिच्यात जे बिल नाही त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, त्या महिन्यात घेता येत नाही. म्हणून अकाउंटंटची एक फेरी १५ ते १७ मध्ये पडलीच पाहिजे. खरेदीची वही आणि २बी समोरासमोर ठेवून फरकाची यादी निघते आणि पुरवठादाराला फोन करायला दोन-तीन दिवस हातात राहतात. एका अकाउंटंटकडे दहा-पंधरा धंदे असले तर सगळ्यांची २० तारीख एकच, पोर्टलही तेव्हाच रखडतं. ३बीचा मसुदा १८ ला हातात हवा, हे पहिल्याच बोलण्यात ठरवून घ्या.

उशिराचा दंड रोजचा ५० रुपये, व्यवहार शून्य असेल तर २०, आणि रोख भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. मालक या आकड्यांना घाबरतात. खरा फटका वेगळा असतो. तुमचं जीएसटीआर-१ उशिरा गेलं की तुमचं बिल गिऱ्हाइकाच्या २बीत दिसत नाही, आणि चाकणची कंपनी तुमच्या बिलातला कराचा भाग अडकवून ठेवते. तिमाही रिटर्नची सवलत घेतलेल्यांनी इथे जास्त सावध राहावं. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती मिळते. रिटर्न तिमाहीला असलं तरी पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा असतोच, आणि त्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत आयएफएफमधून, म्हणजे पोर्टलवरच्या विक्रीबिलं चढवण्याच्या सोयीतून, वर चढवता येतात. ते चढवणं ऐच्छिक आहे, म्हणून आळशी अकाउंटंट ते गाळतो. मग एप्रिलच्या बिलाचं क्रेडिट गिऱ्हाइकाला जुलैत मिळतं, आणि खरेदी खात्याचा तुम्हाला फोन येतो. कंपन्यांना माल देणाऱ्यानं ‘आयएफएफ दर महिन्याला’ हे वाक्य करारात लिहून घ्यावं.

मुलाखतीत विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न: जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल कुणाचा लागणार? ‘माझा टाका, तुम्हाला त्रास नको’ असं उत्तर आलं की तिथेच थांबा. रोजचं काम सोपं होतं हे खरं, पण दोन वर्षांनी त्याच्याशी बिनसलं तर लॉगिन त्याच्या हातात राहतं आणि नंबर बदलून घ्यायला जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जावं लागतं. राज्याच्या कक्षेत असाल तर येरवड्याला खेप. नंबर तुमचा, ई-मेल धंद्याचा, रिटर्न पाठवतानाचा ओटीपी तुम्ही स्वतः आकडे वाचून द्यायचा. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचा डोंगल तुमच्याच ड्रॉवरमध्ये. बँकेत त्याला फक्त बघण्याचा किंवा पेमेंट तयार करून ठेवण्याचा अधिकार द्या, मंजुरी तुमची. टॅलीचा परवाना धंद्याच्या नावावर आणि डेटा तुमच्या कॉम्प्युटरवर हवा. त्याच्या लॅपटॉपवर असलेला हिशेब तुमचा नसतो. बॅकअप प्रत्येक फेरीनंतर पेनड्राइव्हवर घ्या.

तपासणीला महिन्याला चाळीस मिनिटं ठेवा. बँकेची शिल्लक वहीशी जुळते का, आणि न वटलेल्या चेकची यादी कुठे आहे? सस्पेन्स खातं, म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या टाकायचं खातं, शून्य आहे का? रोकड कुठल्या तारखेला उणे गेली आहे का? उणे रोकड हा सगळ्यात प्रामाणिक इशारा. गल्ल्यात नसलेले पैसे खर्च होऊ शकत नाहीत, म्हणजे एक तर मालकानं खिशातून दिलेले पैसे चढवलेले नाहीत, नाहीतर रोख विक्रीची किंवा खर्चाची तारीख चुकली आहे. मग २बीच्या फरकाची यादी आणि शेवटी येणं बाकीची यादी, ३०, ६० आणि ९० दिवसांच्या रकान्यांत. भरलेल्या चलनांच्या पावत्या पोर्टलवरून तुम्ही स्वतः उघडून पाहा. व्हॉट्सॲपवर आलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

वसुली अर्धी द्यावी, अर्धी ठेवावी. स्टेटमेंट पाठवणं, बिलाच्या प्रती पुन्हा देणं, तीस दिवसांची आठवण करणं अकाउंटंट उत्तम करतो. साठ दिवसांच्या पुढचा फोन मात्र मालकाचाच हवा, कारण पैसे का थांबले ते तिथे कळतं. लॉट रिजेक्ट झाला, डेबिट नोट (बिलातली रक्कम कापल्याची चिठ्ठी) निघणार आहे, खरेदीतला माणूस बदलला. ही माहिती अकाउंटंटच्या कानावर पडून उपयोग नाही. त्या फोनसाठी हातात एक मुद्दा असतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या मायक्रो आणि स्मॉल उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटून वर्षअखेर रक्कम थकली, तर घेणाऱ्याला ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरता येते. आयकरातली ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आहे, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यातला फोन सगळ्यात जास्त फळतो. उद्यम क्रमांक बिलावर छापलेला हवा. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, त्यामुळे पेठेतल्या ठोक दुकानदारानं यावर विसंबू नये.

बिघाड होतो तो जवळजवळ नेहमी कागद पोचण्यात. दुकानात क्यूआरचे आणि कार्डाचे दिवसभराचे पैसे एकत्र जमा होतात, कार्डाचे शुल्क कापून. बिलांची बेरीज आणि बँकेतला आकडा जुळत नाही, आणि अकाउंटंट फरक सस्पेन्सला टाकतो. उपाय म्हणजे सेटलमेंट रिपोर्ट दर सोमवारी काढून देणं. घरच्या यूपीआयवर धंद्याचे पैसे घेणं आजच बंद करा, करंट खात्याचा वेगळा क्यूआर लावा. विक्री, खरेदी, खर्च अशा तीन फायली, आणि ज्या दिवशी कागद आला त्याच दिवशी तो फायलीत. जॉबवर्कवाल्यांना, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देणाऱ्यांना, चौथी फाइल लागते, आलेल्या आणि गेलेल्या मालाच्या चलनांची. ती नसेल तर कुणाचा किती माल तुमच्याकडे पडून आहे हे कुठलाही अकाउंटंट सांगू शकणार नाही. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, मशीन बंद, फोन कमी, तोच दिवस त्याला द्या. पेठेत दुपारी दुकान मिटलेलं असतं ती वेळ बरी.

सीएच्या ऑफिसलाच सगळं द्यावं का? ऑडिट, आयकर आणि आलेली नोटीस यांसाठी सीए हवाच, पण एंट्रीसाठी तिथे पैसे घालण्यात अर्थ नाही. नुसत्या ऑनलाइन सेवा ज्यांची सगळी बिलं आधीच कॉम्प्युटरवर असतात त्यांना चालतात. हाती लिहिलेल्या पावत्या असतील तर नकोत. आणि कॉम्पोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असलेल्या, महिन्याला तीस-चाळीस खरेदीबिलं येणाऱ्या दुकानानं यातलं काहीच घेऊ नये. तिमाहीला एक चलन-विवरण, वर्षाला एक रिटर्न, ते स्वतः शिकायला दोन दुपारी पुरतात.

दर ठरवताना महिन्याच्या व्हाउचरांची संख्या सांगून बोला, उलाढाल सांगून नको. तीन महिन्यांची चाचणी ठेवा आणि ती सप्टेंबरमध्ये सुरू करू नका, तेव्हा ऑडिटची धावपळ असते. नोव्हेंबर बरा. पहिल्या फेरीला त्याला मागच्या एकाच महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि बिलं द्या आणि तो काय मागतो ते बघा. ‘या नोंदीचं बिल कुठे आहे?’ असं आठ-दहा वेळा विचारणारा माणूस ठेवून घ्या. एकही प्रश्न न विचारता संध्याकाळी सगळं जुळवून देणाऱ्याचं सस्पेन्स खातं उघडून पाहा.